‘मी’ नाकारण्यापूर्वी : भाईंना एक खुले आभारपत्र

आदरणीय भाई,

सादर नमस्कार.

आईच्या आजारपणात आपण आमच्या घरी येत राहिलात, पुस्तके आणून देत राहिलात आणि ‘मी’ खरा की तो भ्रम, या एकाच प्रश्नावर न कंटाळता माझ्याशी बोलत राहिलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तोंडी आभार मानले असते तर आपण नेहमीप्रमाणे विषय बदलला असता. शिवाय ते जाहीरपणे मानावेत असे मला वाटते, कारण स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस आज गोव्यातल्या पुष्कळ घरांत आहे, आणि ‘आता ती पूर्वीची राहिली नाही’ हे वाक्य अशा बहुतेक घरांत कोणी ना कोणी उच्चारतेच. त्या वाक्याकडे कसे पाहावे याची दिशा मला आपल्याकडून मिळाली. ती आणखी कोणाच्या उपयोगी पडली तर आपल्याला बरेच वाटेल, अशी माझी खात्री आहे.

माझा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता. आईला माझे नाव आठवेनासे झाले त्या सुमारास घरी आलेल्या एका सुशिक्षित पाहुण्यांनी, धीर देण्याच्या चांगल्या हेतूने, असे सांगितले की बुद्ध-शंकराचार्यांपासून आजच्या मेंदूशास्त्रापर्यंत सगळेच ‘मी’ला भ्रम म्हणतात, तेव्हा जे मुळात नव्हतेच ते हरवले म्हणून शोक कशाला करायचा? मला त्यांना उत्तर देता आले नाही आणि त्यांचे म्हणणे पटलेही नाही. तेच वाक्य मी आपल्यापुढे ठेवले तेव्हा आपण त्याला दुजोराही दिला नाहीत आणि ते खोडूनही काढले नाहीत. ‘प्रतियोगी सांगा,’ एवढेच म्हणालात.

मग आपण समजावून दिलेत. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या मते अभावाचे ज्ञान मोघम होत नाही; ज्याचा अभाव सांगायचा तो पदार्थ, म्हणजे त्या अभावाचा प्रतियोगी, आधी ओळखीचा असावा लागतो. घट कसा असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘इथे घट नाही’ असे ज्ञान होऊ शकत नाही. म्हणून ‘मी नाही’ असे जो म्हणतो त्याने आधी कोणता ‘मी’ नाही ते सांगितले पाहिजे. तेव्हापासून आपली अट अशी होती की प्रत्येक पुस्तक परत करताना मी एका कोऱ्या कागदावर, या ग्रंथकाराने नेमका कोणता ‘मी’ नाकारला आणि कोणता तसाच ठेवला, हे स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचे. कागद मिळाल्याशिवाय पुढचे पुस्तक मिळत नसे. आपली ही शिस्त मला सुरुवातीला कडक वाटली. आज ते कागद एकत्र वाचताना जाणवते की पाहुण्यांनी ज्यांना एका रांगेत उभे केले होते, त्यांनी नाकारलेल्या वस्तू वेगवेगळ्या आहेत आणि एकाने जे नाकारले ते दुसऱ्याच्या लेखी कधी मुळात ‘मी’ नव्हतेच.

सुरुवात आपण धर्मानंद कोसंबींपासून केलीत, आणि याचे मला विशेष अप्रूप वाटते. 1876 साली आपल्याच गोव्यात, साखवाळला जन्मलेला हा माणूस मराठी मासिकातले बुद्धचरित्र वाचून झपाटतो, घर सोडून नेपाळपर्यंत जातो, सिंहलद्वीपात पाली शिकतो आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या बौद्धांच्या पाली ग्रंथाच्या संपादनाला बसतो. ती हार्वर्डची आवृत्ती 1950 साली निघाली. ती पाहायला ते नव्हते, 1947 साली सेवाग्रामला त्यांचा देहान्त झाला होता. बुद्धघोषाच्या त्या ग्रंथात एक गाथा आहे, जी आपण मला मूळ पालीत वाचून दाखवलीत: ‘दुक्खमेव हि, न कोचि दुक्खितो, कारको न, किरियाव विज्जति.’ दुःख आहे, दुःखी असा कोणी नाही; कर्म आहे, कर्ता आढळत नाही. पाहुण्यांचे वाक्य या गाथेसारखेच ऐकू येते. पण आपण मला एक पायरी मागे, अनात्मलक्षण सूत्राकडे, म्हणजे ‘हे आत्मा नव्हे’ सांगणाऱ्या बुद्धांच्या प्रवचनाकडे, नेलेत आणि तिथला युक्तिवाद शब्दशः लिहून काढायला लावलेत. बुद्ध तिथे म्हणतात की रूप, म्हणजे शरीर, जर आत्मा असते तर ते रोगाला बळी पडले नसते आणि ‘माझे रूप असे असो, असे नसो’ असा हुकूम त्याच्यावर चालला असता. वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाचे कल) आणि विज्ञान (जाणीव) यांचेही तसेच. म्हणजे इथे प्रतियोगी स्पष्ट आहे: नित्य असणारा, या पाचही स्कंधांवर, म्हणजे माणसाच्या घटकांवर, सत्ता चालवणारा धनी. असा धनी नाही, एवढे बुद्धांनी सांगितले. समोर बसलेले माणूस नाही असे त्यांनी सांगितलेले नाही, आणि ज्यांना ते सांगत होते ते पाच भिक्षू ऐकून उठून चालू लागले तेव्हा कोणी हवेत विरून गेले नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातल्या मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातला रथ सर्वांना माहीत असतो. चाक रथ नव्हे, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, आणि सगळे मिळूनही ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव. मला मात्र त्याच ग्रंथातला दिव्याचा दाखला अधिक मोलाचा वाटला. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही. मग वेगळी का? तीही नाही, कारण त्याच दिव्याच्या आश्रयाने ती रात्रभर जळली. नागसेनांचे उत्तर ‘न च सो न च अञ्ञो’ असे आहे: तोच नव्हे, दुसराही नव्हे. आई पूर्वीची राहिली नाही म्हणणाऱ्यांनी ‘तोच नव्हे’ हा अर्धा भाग तेवढा उचललेला असतो. दुसरा अर्धा तितकाच ठाम आहे, हे मला त्या संध्याकाळी आपण दाखवून दिलेत.

यानंतर आपण मला अद्वैताकडे वळवलेत. गोव्यातल्या कवळ्याच्या मठाची वाट मी लहानपणापासून तुडवतो. पण तो ज्यांच्या नावाने आहे ते गौडपादाचार्य शंकराचार्यांचे परमगुरू, म्हणजे गुरूंचे गुरू, आणि त्यांच्या मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकांच्या (श्लोकबद्ध विवरणाच्या) चौथ्या प्रकरणातली भाषा बौद्धांच्या इतकी जवळ जाते की अभ्यासक त्यावर आजही वाद घालतात, हे मला आपल्याकडूनच कळले. तरीही प्रतियोगी लिहायला बसलो तेव्हा उत्तर निराळे आले. अद्वैत देहाला, मनाला, बुद्धीला, ‘मी करतो, मी भोगतो’ म्हणणाऱ्या अहंकाराला ‘मी’ मानायला नकार देते. आणि या सर्वांना पाहणारा साक्षी मात्र नाकारताच येत नाही असे म्हणते, कारण नाकारणाराही तोच. पेडण्याच्या भूमीतले संतकवी सोहिरोबानाथ ‘दोरीच्या सापा भिऊनी भवा’ असे म्हणतात ते याच परंपरेतून. दिवा आणला की साप जातो, पण दोरी जागेवर असते. अधिष्ठानावाचून, म्हणजे खऱ्या आधारावाचून, भ्रम होत नाही, हे वेदान्त्यांचे म्हणणे. पाहुण्यांनी बुद्ध आणि शंकर यांची नावे एका श्वासात घेतली होती. एकाने दोरीही मागे ठेवली नाही, दुसऱ्याचा सगळा भार दोरीवरच आहे.

आणि याच गोव्यात, काणकोणात कुशावतीच्या काठी पर्तगाळीचा मठ आहे, जो मध्वाचार्यांच्या द्वैत मताचा. तिथे जीव खरा आहे, प्रत्येक जीव दुसऱ्यापासून वेगळा आहे आणि सगळे जीव हरीच्या अधीन आहेत. ‘मी’ भ्रम आहे हे म्हणणेच तिथे अमान्य. एवढ्याशा प्रदेशात दोन मठांची दोन उत्तरे, आणि माहेर एका मठाचे व सासर दुसऱ्या मठाचे असलेल्या बायका दोन्ही घरांचे कुळाचार सारख्याच निष्ठेने सांभाळतात. या वस्तुस्थितीचा मला अभिमान वाटतो, तो इथे नमूद करतो.

नैयायिकांवर आपले प्रेम असल्यामुळे त्यांना आपण सर्वांत शेवटी ठेवलेत, असा माझा अंदाज आहे. न्यायसूत्रांतला आंबट फळाचा युक्तिवाद मी कधी विसरणार नाही. फळ दिसते डोळ्याला आणि पाणी सुटते तोंडाला. पूर्वी जिने चव घेतली ती जीभ आणि आता जो पाहतो तो डोळा, या दोन्हींचा हिशेब एकाच ठिकाणी जमा होत असला पाहिजे, नाहीतर डोळ्याने पाहिलेल्याची आठवण जिभेला व्हावी कशी? तो एक जमा करणारा म्हणजे आत्मा. बौद्धांनी यावर उत्तर दिले की एकाच संततीतल्या, म्हणजे क्षणांच्या अखंड प्रवाहातल्या, पूर्वीच्या क्षणाचा संस्कार पुढच्या क्षणाला मिळतो, त्यासाठी वेगळा धनी लागत नाही. हा वाद नैयायिक उदयनाचार्यांपर्यंत कित्येक शतके चालला. माझे मत आपल्याला माहीत आहे: संततीचे उत्तर पुरेसे आहे असे मला वाटते. आपल्याला ते मान्य नाही, आणि मान्य नसतानाही मला त्या बाजूचे ग्रंथ आपणच आणून दिलेत, हे मी विशेष कृतज्ञतेने लिहितो.

आधुनिक ग्रंथांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथेही आपल्या एका प्रश्नाने बरीच धूळ खाली बसली. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1739 साली लिहिले की मी स्वतःच्या आत पाहायला जातो तेव्हा मला उष्णता, थंडी, प्रेम, द्वेष, वेदना अशी एखादी अनुभूतीच सापडते, तिच्यावाचून निराळा ‘मी’ कधी हाती लागत नाही. इथे नाकारलेला ‘मी’ म्हणजे अनुभूतींच्या मागे अलिप्त उभे असलेले द्रव्य. मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा सेतू शस्त्रक्रियेने छेदलेल्या रुग्णांवरच्या कामासाठी. त्यांचे शिष्य मायकेल गझानिगा यांना दिसले की उजव्या अर्धगोलाला दाखवलेल्या चित्राप्रमाणे डाव्या हाताने केलेल्या कृतीचे खरे कारण माहीत नसतानाही बोलणारा डावा अर्धगोल तत्काळ एक कारण रचून सांगतो, आणि तेही पूर्ण विश्वासाने. इथे नाकारलेला ‘मी’ म्हणजे स्वतःच्या प्रत्येक कृतीचे कारण जाणणारा, एका जागी बसलेला सर्वाधिकारी. या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. त्यांतून ‘माणूस नाही’ हे निघत नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक मात्र आमच्या घरापर्यंत येऊन भिडतो. जिथपर्यंत मागची जाणीव पोचते तिथपर्यंत ती व्यक्ती एक, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे ज्याचे स्मरण नाही त्याचा आपला संबंध तुटला. हे जर खरे असेल तर माझा जन्म, वडिलांचे जाणे, आमच्या घराची चवथ (गणेशचतुर्थी), यांतले काहीही आज समोर बसलेल्या आईचे नाही. यावर आपण मला हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाची हकिकत वाचायला दिलीत. अपस्माराच्या उपचारासाठी 1953 साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित अवयवाच्या परिसरातला भाग काढला गेला आणि नवीन घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली ती 2008 साली त्याचा मृत्यू होईपर्यंत परतली नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आणि दर वेळी हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्याला आठवण नव्हती. हाताचे शिकणे आणि घटनेची आठवण यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे त्यातून शास्त्रज्ञांना कळले. आईच्या आजारातही हिप्पोकॅम्पसला इजा लवकर पोचते, आणि हातांत मुरलेले कसब तुलनेने उशिरा जाते.

हे वाचल्यावर आपण मला काही दिवस वाचन थांबवून आईच्या हातांकडे पाहायला सांगितलेत. अबोलीचा मोसम होता. तिच्यापुढे फुलांची परडी आणि केळीच्या सोपाचा ओला धागा ठेवला की ती विचारत नाही की हे काय आहे. चार फुले, दोन या बाजूला देठाने आत, दोन त्या बाजूला, धाग्याचा एक वेढा, अंगठ्याने किंचित दाब, आणि पुढची चार. मी मुद्दाम नव्हे, पण नवखेपणाने एक फूल उलटे लावले तेव्हा तिने ते काढले, माझ्या हाताला हलकेच चापट मारली आणि फूल सुलटे लावून दिले. चापट अगदी तीच होती जी शाळेत असताना अक्षर वाकडे आले की मला मिळायची. नाव तिला आठवत नव्हते. कोणाचा वळेसर, म्हणजे विणलेला गजरा, नीट झाला पाहिजे आणि कोणाला तो शिकवला पाहिजे, हे तिच्या हाताला आठवत होते. लॉकच्या कागदावर मी त्या रात्री लिहिले: याने स्मरणावाचूनचा ‘मी’ नाकारला, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून माझे जे मत बनले ते आपल्यापुढे मांडले होते, ते इथेही मांडतो. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात अखंड भजन चालते. पथके बदलतात, गळे बदलतात, एकाने सोडलेला ठेका दुसरा खाली पडू देत नाही. गाणाऱ्यांहून वेगळे असे भजन कुठे ठेवलेले नसते, पण म्हणून भजन भ्रम ठरत नाही. ते चालू आहे तोवर खरे आहे. ‘मी’ मला असा वाटतो, आणि आईच्या बाबतीत त्यातल्या काही पाळ्या आता आम्ही सांभाळतो. तिला कोणती भाजी आवडत नाही, कोणाच्या नावाने ती नैवेद्याचे पान वाढायची, हे आता तिच्या ठायी नसून आमच्या ठायी आहे, आणि तरी ते तिचेच आहे.

आपण हे शांतपणे ऐकून घेतलेत आणि मग विचारलेत की उद्या हातही विसरले तर? मला स्वस्त समाधानावर आपण कधी थांबू दिले नाहीत. त्या प्रश्नाला माझे उत्तर मला शांतिदेव या बौद्ध आचार्याच्या ‘बोधिचर्यावतार’ ग्रंथातल्या आठव्या परिच्छेदात मिळाले, आणि तो ग्रंथ आपणच पुढे केला होता. शांतिदेव तिथे पाहुण्यांच्याच गृहीतकापासून निघतो: दुःखाला धनी नाही. पण त्याचा निष्कर्ष नेमका उलट आहे. ‘अस्वामिकानि दुःखानि सर्वाण्येवाविशेषतः, दुःखत्वादेव वार्याणि’: धनी नसलेली सगळी दुःखे सारखीच आहेत, आणि ती दुःखे आहेत एवढ्याच कारणाने निवारण्याजोगी आहेत. ‘मी’ नाही म्हणून आईची तहान क्षुल्लक ठरत नाही. उलट, ती कोणाची आहे, तिला ती नंतर आठवेल का, ती पूर्वीचीच का, असले कोणतेही प्रमाणपत्र न मागता तिला पाणी द्यायचे असते. रात्री ती घाबरून उठते तेव्हा ती भीती तेवढी आमच्यासमोर असते, आणि ती दूर करायची असते. अनात्मवादाचा हा अर्थ ज्याने लावला त्याच्याविषयी मला पराकोटीचा आदर वाटतो. ‘भ्रम आहे, मग शोक कशाला’ असे म्हणणाऱ्याने बौद्धांचे निम्मेच वाक्य ऐकलेले असते, हे मी आता कोणालाही सांगू शकतो.

भाई, आपण आईशी नेहमी नमस्कार करून, तिचे पूर्ण नाव घेऊन बोललात; ती उत्तर देईल न देईल याची वाट न पाहता वाचनालयात कोणती नवी पुस्तके आली ते तिला सांगितलेत. तिच्यादेखत तिच्याविषयी तिसऱ्या व्यक्तीविषयी बोलावे तसे आपण एकदाही बोलला नाहीत. आपण ‘मी’च्या प्रश्नावर जे ग्रंथ दिलेत त्यांचे ऋण मोठे आहे, पण हे त्याहून मोठे आहे, आणि आमच्या घरातल्या सर्वांच्या वतीने ते मी इथे लिहून ठेवतो. आता घरातली लहान मुलेही आजीशी तसेच बोलतात.

एक वाद मात्र शिल्लक आहे आणि त्यासाठी आपण लवकर यावे अशी विनंती आहे. साक्षी सिद्ध करण्यासाठी वेदान्ती सुषुप्तीचा, म्हणजे गाढ झोपेचा, दाखला देतात: ‘मी सुखाने झोपलो, मला काही कळले नाही’ असे उठल्यावर माणूस म्हणतो, म्हणजे त्या न कळण्याचाही कोणीतरी साक्षी होता. पण हा दाखला उठल्यावरच्या आठवणीवर उभा आहे. आई उठते तेव्हा ती झोपली होती हेच तिला ठाऊक नसते. अशा ठिकाणी साक्षी कशावरून मानायचा? माझ्या मते इथे अद्वैताचा हा युक्तिवाद अपुरा पडतो. आपण यावर नैयायिकांच्या बाजूने निराळेच काही म्हणाल याची मला कल्पना आहे. मांडूक्याचे आपले पुस्तक माझ्याकडेच आहे, आणि त्याचा कागद अजून लिहायचा आहे. तो मी या वादानंतरच लिहीन.

आपला नम्र आणि ऋणी,
अंत्रुज महालातला एक वाचक